प्रीतिभोजनाची पंगत

नाताळच्या आदल्या आठवड्यात आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सभासदांचं, प्रीतिभोजन असायचं, सगळ्यांनी मिळून जेवायचं. नगर जिल्ह्यातलं छोटं गाव, चर्चही छोटंच. महिला मंडळाच्या बायका रात्रीच कांदे-लसूण घेऊन बसायच्या, तरुण संघाची पोरं पताका लावायची. पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, अंगणात चुलीवर रस्सा रटरटायला लागला की वास पार वेशीपर्यंत जायचा. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटी-टाळांवर रंगली की जेवायला हमखास उशीर व्हायचा, आणि त्याबद्दल कुणी कुरकुरत नसे.

कुरकुर झाली होती ती पाहुण्यांवरून, तीही माझ्या जन्माच्या आधी. जवळच्या कुष्ठवसाहतीतल्या माणसांना पंगतीला बोलवायचं, असं मंडळातल्या काही आज्यांनी ठरवलं. त्यांना वेगळं वाढू, डबे पोचवू, असा तोडगा काहींनी सुचवला. आज्यांनी बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय पुढे केला. मेजवानी करशील तेव्हा परत बोलावू शकतील अशा श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, गरिबांना, पांगळ्यांना, आंधळ्यांना बोलाव, असं प्रभू येशू तिथे स्वच्छ सांगतो. डबे पोचवा असं सांगत नाही. तेव्हापासून पंगत एकच.

मला सगळ्यात जास्त आठवतात ते कप. कुष्ठरोगात मज्जातंतू बधिर होतात, गरम पेल्याचा चटका हाताला कळतच नाही आणि फोड येऊन जखम चिघळते. म्हणून चहाची आजी स्टीलचे पेले बाजूला ठेवून मोठ्या कानाचे जाड कप काढायची. बोटं झडलेला तळहातसुद्धा त्या कानात सरकायचा. किटली थोडी निवू द्यायची, मग वाढायला घ्यायची. आणि सगळ्यांना तेच कप. सरपंच आले तरी तोच कप, आम्हा पोरांना तोच, पाळकसाहेबांना तोच. कुणासाठी काय वेगळं केलंय हे पंगतीत कुणालाच दिसू नये, एवढी काळजी ती घ्यायची. धर्मशास्त्र ती शिकली नव्हती, पण प्रभूने कुष्ठरोग्याला बरं करण्याआधी हात लावला, ही गोष्ट मला तिच्यामुळे कळली.

त्या वसाहतीतले बहुतेक जण तेव्हाच औषधाने बरे झालेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस १९८१ साली केली, आणि ते औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. रोग गेला तरी घरचं दार उघडत नसे. काडीमोडाचं कारण म्हणून कुष्ठरोग कायद्यात होता तो थेट २०१९ पर्यंत! गावातही ‘काहीतरी पाप केलं असेल’ हे ठरलेलं वाक्य. बायबलात एका जन्मांधाबद्दल प्रभूच्या शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? दोघांचंही नाही, असं प्रभूने सांगितलं. आमच्या शब्बाथ शाळेत हा धडा प्रीतिभोजनाच्या आधीच्या रविवारी घेतला जायचा, हे मला फार आवडतं.

आणि पाप असलं तरी काय? बायबलातला जक्कय जकातदारांचा मुख्य, लोकांना नाडून श्रीमंत झालेला, प्रभूला पाहायला उंबरावर चढून बसलेला. प्रभूने उंबराखाली उभं राहून त्याला सुधारायची अट घातली नाही, आज तुझ्या घरी उतरणार म्हणाला. लुबाडलेलं चौपट परत देण्याची भाषा जक्कयने केली ती त्यानंतर. आधी पंगत, मग पश्चात्ताप. आपण मंडळ्यांमध्ये नेमकं उलट करतो. नवऱ्याने टाकलेली बाई, तुरुंगातून सुटून आलेला पोरगा, यांच्याकडून आधी खुलासा मागतो, मग सतरंजीवर जागा देतो.

एका वर्षी मंडळाची सहल दौंड तालुक्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये गेली होती. रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातून शेकडो मुली-बायका आणल्या. समाज ज्यांना पतित म्हणून थुंकायचा त्यांच्यासाठी कृपासदन, आंधळ्यांसाठी बार्तीमय सदन. बार्तीमय म्हणजे लोक गप्प बस म्हणत असताना प्रभूला हाक मारत राहिलेला आंधळा भिकारी. परतताना बसमध्ये गाणी झालीच, पण चहाची आजी बराच वेळ ‘कृपासदन, कृपासदन’ म्हणत होती.

आता वसाहतीतली जुनी माणसं थोडी उरली आहेत. आज्या तर सगळ्याच प्रभूघरी गेल्या. यंदाच्या सभेत तरुण संघाने तालुक्याच्या स्टँडवर टाळ्या वाजवून पोट भरणाऱ्या तृतीयपंथीयांना बोलवायचा ठराव मांडला. कुजबुज झाली, डब्यांची सूचनाही पुन्हा आली! मी ठरावाच्या बाजूने बोलले, आणि पत्रिका कुणाच्या हाती पाठवू नका, घरी जाऊन बोलवा, असं आग्रहाने सांगितलं. ठराव मंजूर झाला आहे. पुढच्या शनिवारी आम्ही तिघीजणी त्यांच्याकडे जाणार आहोत. मोठ्या कानाचे कप कमी पडतील, म्हणून दोन डझन नवे सांगून ठेवलेत.