सहा सशांचा अर्ज आणि नव्वद अंडी

रविवारी सकाळी सात वाजता मटणाच्या रांगेत उभं राहून "बोकडाचे दहा डोळे पाहिजेत, आत्ताच कापलेल्याचे" असं सांगणारी मी आमच्या बाजारपेठेतली पहिलीच मुलगी असणार. मागच्या काकूंनी पिशवी घट्ट धरली. चाचांनी सुरा खाली ठेवला आणि विचारलं, "अमावास्या कधी आहे गो?"

करणीसाठी नको होते, एम. फार्मच्या प्रबंधासाठी हवे होते. पण कोकणात हे पटवायला ओळखपत्र पुरत नाही. शेवटी मोबाइलमधला फ्रान्झ सेलचा फोटो दाखवला. काचेचे दोन कप्पे, मध्ये चिमटीत धरलेला बुबुळावरचा पारदर्शक पडदा, वरून औषध, खाली मिठाचं कोमट पाणी. चाचांनी फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "म्हणजे डोळ्यातनं औषध आत किती जातं ते मोजता होय? मग आधी सांगायचं." अडचण एवढीच होती की डोळे काढलेली मुंडी गिऱ्हाईक घेत नाही. पाच मुंड्यांचा जास्तीचा भाव देऊन मी थर्मासमध्ये दहा डोळे घेऊन निघाले.

हे सगळं सुरू झालं ते एका परत आलेल्या अर्जापासून.

माझा विषय होता डोळ्यात घालायचं जेल. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक, थेंब म्हणून घातलं की पापणी दोन-चार वेळा मिटते आणि बरंचसं वाहून जातं. म्हणून ते पोलॉक्झॅमर ४०७ या जेल होणाऱ्या पदार्थात मिसळायचं. बाटलीत पातळ, डोळ्याच्या उष्णतेने घट्ट. कागदावर सुरेख आहे. आमच्या लॅबमध्ये ऑक्टोबरच्या दुपारी पंखा बंद केला की ते बाटलीतच थिजून बसायचं, ती गोष्ट वेगळी.

असं काही डोळ्यात घालायचं तर ते झोंबत नाही हे दाखवावं लागतं. त्यासाठीची जुनी पद्धत म्हणजे ड्रेझ चाचणी. अमेरिकेतल्या अन्न व औषध प्रशासनातल्या जॉन ड्रेझ यांनी १९४४ मध्ये मांडलेली. सशाच्या एका डोळ्यात ०.१ मिलीलिटर पदार्थ घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा, आणि १, २४, ४८, ७२ तासांनी लाली, सूज, बुबुळावरचा धुरकटपणा बघून गुण द्यायचे. आमच्या आधीच्या सगळ्या प्रबंधांत हेच होतं. मीही प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा फॉर्म बी भरला, सहा ससे मागितले. 'प्राणी वापरणे का आवश्यक आहे?' या रकान्यात सीनियरच्या प्रबंधातलं वाक्य उतरवलं: ससा हा या चाचणीसाठी मान्यताप्राप्त प्राणी आहे.

फॉर्म जातो आयएईसीपुढे, म्हणजे संस्थेच्या प्राणी-नीती समितीपुढे. तिला सगळे एथिकल कमिटीच म्हणतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली जी केंद्रीय समिती आहे, तिचा एक प्रतिनिधी या बैठकीत बसतो. शिवाय पशुवैद्य, बाहेरच्या संस्थेतले शास्त्रज्ञ, आणि विज्ञानाशी संबंध नसलेला एक सामाजिक सदस्य. मला वाटलं होतं अवघड प्रश्न शास्त्रज्ञ विचारतील. विचारला सामाजिक सदस्यांनी. निवृत्त शाळामास्तर. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बाळ, ससाच का? तो ओरडत नाही म्हणून?"

मी म्हटलं, सर, त्याचे डोळे मोठे असतात, स्वभाव गरीब असतो. आणि बोलता बोलताच लक्षात आलं की मी त्यांच्याच प्रश्नाला हो म्हणतेय.

पशुवैद्यांनी पुढचं सांगितलं. ससा माणसापेक्षा खूप कमी वेळा पापणी मिटतो, त्याला अश्रू कमी येतात, शिवाय त्याला तिसरी पापणी असते. म्हणजे माणसाच्या डोळ्यातून जे धुऊन जाईल ते त्याच्या डोळ्यात साचून राहतं. वर गुण देणं नजरेवर. १९७१ मध्ये वेल आणि स्काला या दोघांनी तेच पदार्थ वेगवेगळ्या प्रयोगशाळांना दिले, तर एकीकडे जे निरुपद्रवी ठरलं ते दुसरीकडे तीव्र दाहक ठरलं. अर्ज परत आला. शेरा होता: पर्यायांचा विचार करून पुन्हा सादर करावा.

मी चिडले होते, खोटं कशाला सांगू. सेमिस्टर चालू झालेली, पिंजऱ्यात ससे तयार. माझ्या गाईड मॅडमनी मात्र दोन कागद पुढे ठेवले. एक बोकडाच्या डोळ्यांचा. औषध आत किती झिरपतं हे बघायला जिवंत प्राणी लागतच नाही, जो खाण्यासाठी कापलाय त्याचाच डोळा चालतो. दुसरा अंड्याचा. त्याचं नाव हेट-कॅम.

कोंबडीच्या फलित अंड्यात नवव्या दिवशी कवचाच्या आतून एक नाजूक पडदा पसरलेला असतो, रक्तवाहिन्यांनी भरलेला. पिल्लू श्वास त्याच्यातूनच घेतं. हा पडदा आपल्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या आवरणासारखा वागतो. त्यावर औषध घालायचं आणि ३०० सेकंद बघत बसायचं: रक्तस्राव कधी झाला, वाहिन्या विरघळल्या कधी, साकळलं कधी. जितकं लवकर तितके गुण जास्त. शून्य ते एकवीस. नवव्या दिवशी गर्भाची मज्जासंस्था वेदना जाणवण्याइतकी घडलेली नसते, म्हणून हा प्रयोग त्या टप्प्यावर करतात. कमिटीने त्याची नोंद घेतली आणि सशांचा अर्ज मी मागे घेतला.

अंडी म्हटल्यावर मला वाटलं, यात काय एवढं. रूममेट म्हणाली, खालच्या दुकानातून ट्रे आण. गुहागरच्या घरी फोनवर हे सांगितलं तर आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. "अगो, पोल्ट्रीत कोंबडा असतो का? कोंबड्याशिवाय पिल्लू खय्‌चं?" दुकानातली अंडी फलित नसतातच. बरं, मग आजीच्या गावठी कोंबड्यांची? तीही चालेनात. एकाच जातीची, एकाच वयाची, साधारण पन्नास-साठ ग्रॅमची हवीत. आजीला ते फार लागलं. तिच्या अंड्यांना आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं.

शेवटी हॅचरी सापडली. आता तिथून अंडी आणायची म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. तो रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. इथे आजीच उपयोगी पडली. तिने सांगितलं, डब्यात भाताचं तूस भर, अंड्याचं टोक खाली, मांडीवर घेऊन बस, आणि घरी पोचल्यावर लगेच उबेला लावू नकोस, एक रात्र निवांत ठेव. शोधनिबंधातही हेच लिहिलेलं असतं, फक्त तुसाचा उल्लेख नसतो. तीस अंड्यांतली दोन तडकली. डब्याचंही अर्धं तिकीट काढावं असं कंडक्टरला वाटत होतं की काय, कोण जाणे, वाटभर वळून वळून बघत होता.

तापमान ३७.५ अंश, आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास. कोकणात दमटपणा विकत आणावा लागत नाही असं मी म्हणत होते, पण तापवलेल्या हवेत तो उरत नाही. आत पाण्याचं भांडं ठेवावंच लागतं. कवचाच्या एका बाजूला पेन्सिलने फुली, दुसऱ्या बाजूला गोळा, म्हणजे कुठलं अंडं फिरवलं आणि कुठलं राहिलं ते कळतं. दर पाच-सहा तासांनी फिरवायचं. रात्रीही. हॉस्टेलच्या रेक्टरबाईंना पहाटे तीनला लॅबची किल्ली मागताना मी "अंडी फिरवायची आहेत" असं सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या आईला फोन केला होता.

तिसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडं टॉर्चवर धरलं. पिवळसर उजेडात एक लाल कोळी दिसला आणि त्याच्या मध्यावर एक ठिपका हलत होता. हृदय. मी मॅडमना बोलवायचं विसरून बघत राहिले.

सहाव्या रात्री परतीचा पाऊस आला. विजा, वारा, आणि मग अख्ख्या परिसरात अंधार. लॅबच्या इन्व्हर्टरवर फ्रिज होता, इनक्युबेटर नव्हता. मी अंडी गोधडीत गुंडाळली, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, पण वीज यायला सकाळ झाली. दोन दिवसांनी पुन्हा टॉर्च लावला. बहुतेक अंड्यांत कोळ्याच्या जागी एक लाल कडं उरलं होतं. ते कडं दिसलं की समजायचं, गर्भ गेला. आजी म्हणाली, खुडूक कोंबडी अशा रात्री उठतसुद्धा नाही. ती टोमणा मारत नव्हती, पण मला तो लागला.

दुसरी चोवीस अंडी डिसेंबरात आणली, आणि ती हात बसवण्यातच गेली. बोथट टोकाकडची हवेची पोकळी पेन्सिलने आखायची, कवच बारीक करवतीने कापायचं, आतला पांढरा पापुद्रा मिठाच्या पाण्याने भिजवायचा आणि चिमट्याने अलगद सोलायचा. खालच्या वाहिनीला चिमट्याचं टोक लागलं की संपलं. मी औषध घालायच्या आधीच रक्त यायचं. आमच्याकडे ओल्या काजूची साल काढताना गर अख्खा ठेवायची जी सवय बायकांच्या बोटांना असते, तीच इथे लागते. माझ्या आईने ते पाच मिनिटांत केलं असतं. मला सतरा अंडी लागली.

तिसऱ्या वेळी, फेब्रुवारीत, छत्तीस अंडी आणली आणि इन्व्हर्टरवर फ्रिज काढून इनक्युबेटर लावला. आता दोन जण बघणारे, एक स्टॉपवॉच, वर स्टँडला मोबाइल लावून चित्रण. आधी मिठाचं पाणी: पाच मिनिटं काहीच नाही. मग ०.१ नॉर्मल तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी: आठव्या सेकंदाला रक्त, पंचविसाव्याला वाहिन्या पुसल्यासारख्या गेल्या, चाळिसाव्याला सगळं साकळलं. १९.१५ गुण. हेच मी सशाच्या डोळ्यात घालणार नव्हते, हे मान्य. पण त्या पडद्याकडे बघताना 'तीव्र दाहक' हे दोन शब्द मला पहिल्यांदा कळले.

मग माझं जेल. तीन अंडी, तिन्हींत १४० सेकंदांच्या आसपास बारीक रक्तस्राव. २.६८. म्हणजे सौम्य दाहक. मला रडू आलं. मॅडमनी विचारलं, पीएच किती आहे? मी वहीत ६.८ लिहिलं होतं, पण ते आधीच्या बॅचचं. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हायड्रोक्लोराइड मुळात आम्लधर्मी. या बॅचमध्ये मी ते जुळवायचंच विसरले होते. मीटर लावला तर साडेचारच्या आसपास. नवी बॅच केली, ६.८ वर आणली, पुन्हा तीन अंडी. शून्य, शून्य, शून्य. सहा सशांवर हीच चूक झाली असती तर मी काय केलं असतं हा प्रश्न मी तेव्हा बाजूला ठेवला, कारण लिहायचं बरंच होतं.

एक गोष्ट मात्र प्रबंधात नाही, ती इथे लिहिते. प्रयोग झाला की अंडी फ्रीझरमध्ये जातात. नवव्या दिवशीच्या गर्भाला काळा ठळक डोळा असतो, तो थोडा हलतो. आजीने विचारलं होतं, "मग सशाला सोडून तू पिल्लांवर आलीस एवढंच ना?" मी तिला वेदनेचं, मज्जासंस्थेचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मला हा फरक पटतो, अजूनही पटतो. पण 'प्राणिमुक्त' हा शब्द मी माझ्या कामाला लावत नाही. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी जे तीन मार्ग सांगितले, प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, नाहीतर संख्या कमी करा, नाहीतर त्रास कमी करा, त्यातल्या पहिल्याच्या उंबरठ्यावर माझं काम उभं आहे. पूर्ण आत जायचं तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींचा बुबुळ-पडदा लागतो. तसा तयार मिळतो, पण त्याची किंमत आमच्या कॉलेजच्या वर्षभराच्या रसायनांच्या बजेटशी भांडते.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला: "सशावरचा डेटा कुठाय?" मी सांगितलं, नवीन औषधांच्या २०१९ च्या नियमांत मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती झाली, आता पेशी, चिपवर पेशी वाढवून केलेले छोटे अवयव, संगणकी प्रारूपं अशा प्राण्यांविना केलेल्या चाचण्याही मान्य होऊ शकतात. ते म्हणाले, "होऊ शकतात, पण लोक मागतात ससाच." यात ते चूक नव्हते. हेट-कॅम पाच मिनिटांचं चित्र दाखवतं. झालेली इजा आठवड्याने भरून येते का, महिनाभर रोज औषध घातलं तर काय, हे सांगत नाही. तेवढं मी मान्य केलं. मग त्यांनी चित्रण बघायला मागितलं, दोनदा बघितलं, आणि विचारलं, कवच कापायची करवत कुठून आणली. दाताच्या डॉक्टरांकडून, मी म्हटलं.

शोधनिबंध एका नियतकालिकाला पाठवलाय. एका समीक्षकाचं एकच वाक्य आलं: सशावरची चाचणी जोडावी. मी उत्तरात पीएचचा सगळा गोंधळ न लपवता तसाच लिहून पाठवलाय, दोन्ही बॅचच्या गुणांसकट. निर्णय यायचा आहे.

गेल्या रविवारी सकाळी ज्युनियरचा फोन आला. तिला बारा डोळे हवेत. "ताई, चाचा गावाला गेलेत, त्यांचा मुलगा दुकानावर आहे. तो म्हणतो पोलिसांना सांगीन. काय करू?"

म्हटलं, फ्रान्झ सेलचा फोटो दाखव. आणि पैसे पूर्ण मुंडीचे दे.