तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना कोस्टा रिकाला कशासाठी पाठवायचं?

रविवारच्या मराठी शाळेत, मंडळाच्या गणपतीत, पुण्याहून येणाऱ्या फोनवर मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. "तुम्ही उन्हाळ्यात शाळेतली मुलं घेऊन कोस्टा रिकाच्या जंगलात जाता. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना तिथून नेमकं काय मिळतं? आमच्या मुलीला पाठवू का?" फोन पुण्याचा असला तर पुढे आणखी एक वाक्य येतं: "जंगल आणि कासवंच बघायची, तर आपलं कोकण काय वाईट आहे?" मी न्यू जर्सीतल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. हळदीकुंकवाच्या गर्दीत उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

पाठवा. पण प्राणी बघायला म्हणून पाठवू नका. प्राणी पडद्यावर अधिक जवळून दिसतात. कोस्टा रिकाला न्यायचं कारण असं, की तिथे तोडलेलं जंगल परत उभं राहिलेलं दिसतं, आणि ते कोणी, कसं, कुणाच्या पैशांनी उभं केलं हे त्याच माणसांना विचारता येतं. माझ्या वर्गातली मुलं शिशुवर्गापासून पृथ्वीचं नुकसान शिकत आली आहेत. ध्रुवावरचा बर्फ, प्रवाळ, ॲमेझॉन, सगळं त्यांना पाठ आहे. झालेलं नुकसान माणसांनी भरून काढल्याचं एकही उदाहरण मात्र पटकन सांगता येत नाही. सोळाव्या वर्षी ही अवस्था घातक आहे असं मला मनापासून वाटतं. काहीच वाचणार नाही अशी ज्याची खात्री झाली आहे, तो वाचवायचं कसब शिकेल कशाला?

मध्य अमेरिकेतला हा देश लहान आहे, महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढा. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे गुरांच्या कुरणांसाठी जंगलं सपाट झाली. गोमांस अमेरिकेला निर्यात व्हायचं आणि गुरं पाळायला स्वस्त कर्जं मिळायची. १९८०च्या दशकात जेमतेम पाव देशावर जंगल उरलं होतं. आज ते निम्म्याहून अधिक जमिनीवर आहे. गोमांसाचे भाव पडले हे त्यामागचं एक कारण. दुसरं कारण १९९६चा वनकायदा. त्याने जंगल तोडून तिथे दुसरं काही करायला बंदी घातली, आणि पुढच्या वर्षापासून जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला सरकार पैसे देऊ लागलं. पाणी धरून ठेवणं, कार्बन शोषणं, जीवसृष्टी सांभाळणं आणि निसर्गाचं देखणेपण राखणं या चार सेवांचा तो मोबदला. त्यातला मोठा भाग येतो पेट्रोल-डिझेलवरच्या करातून.

वर्गात हे सांगितलं की मुलं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. डोंगरातल्या एका दूधवाल्या शेतकऱ्याने आपल्या करारनाम्याचे कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून दाखवले, तेव्हा त्यांनी त्याला तासभर सोडला नाही. झऱ्याच्या वरचा उतार त्याने गुरांना बंद केला आहे. मुलांनी विचारलं, पैसे पुरतात का? तो म्हणाला, नाही, पण झरा आटत नाही. मग शेजारी काय म्हणाले, सरकार बदललं तर काय, तुमची मुलं शेती करणार का, असे प्रश्न सुरू झाले. दुभाषाचं काम करणारी आमची स्पॅनिशची बाई दमून गेली.

मला स्वतःला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो वायव्येकडचा ग्वानाकास्टे प्रांत. घनदाट, ओलं, माकडांनी भरलेलं जंगल डोक्यात ठेवून आलेली मुलं इथे जरा हिरमुसतात, कारण हे कोरडं पानगळीचं रान आहे. जुलैत पावसाने ते हिरवं असतं, पण चार-पाच महिने त्याच्यावर थेंब पडत नाही. आपल्या मराठी मुलांना मी इथेच सह्याद्रीच्या पूर्व उतारांची आठवण देते. दोन्हीकडे दुखणंही एकच, वणवा. आफ्रिकेतून आणलेलं उंच गवत कुरणांसाठी इथे पेरलं गेलं. कोरड्या महिन्यांत ते पेटतं, आणि दर वणव्यात उगवू पाहणारं प्रत्येक रोप जळून जातं.

डॅनियल जॅन्झेन आणि विनी हॉलवॉक्स या शास्त्रज्ञ दांपत्याने १९८०च्या दशकात इथे ठरवलं, की झाडं लावत बसण्यापेक्षा आधी आग थांबवायची. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, काढल्या. आसपासच्याच शेतकऱ्यांना आणि गुराख्यांना आग विझवण्याच्या पथकात पगारावर घेतलं, कारण ते रान त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सुरुवातीला गुरंही मुद्दाम ठेवली; ती गवत खाऊन आगीचं इंधन कमी करत. मग वाऱ्याने उडणाऱ्या बिया आल्या, झाडं वाढली, झाडांवर पक्षी बसले आणि पक्ष्यांनी उरलेल्या बिया आणल्या. आज तिथे गाइड एका पायवाटेवर उभा करतो आणि म्हणतो, डावीकडचं रान कधीच तुटलेलं नाही, उजवीकडे माझ्या वडिलांची गुरं चरायची. फरक अजून कळतो. खोडं बारीक आहेत, सावली विरळ आहे. तरी ते जंगल आहे.

याच भागात संत्र्याच्या सालींची गोष्ट घडली. संत्र्यांचा रस काढणाऱ्या एका कंपनीशी जॅन्झेन दांपत्याने करार घडवून आणला: कंपनीने आपल्या हद्दीतलं जंगल राष्ट्रीय उद्यानाला द्यायचं आणि बदल्यात साली व चोथा उद्यानातल्या ओसाड कुरणावर कुजत टाकायचा. सुमारे १२,००० टन साली तीन हेक्टरांवर पडल्या. दुसऱ्या एका कंपनीने उद्यान घाण केल्याबद्दल खटला भरला आणि तो जिंकला. काम बंद झालं. पंधराएक वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा साली टाकलेल्या बाजूला एवढी दाट झाडी होती, की जागेची पाटी शोधताना त्यांचा घाम निघाला. मोजणीत झाडांच्या लाकडाचं वस्तुमान शेजारच्या जमिनीपेक्षा १७६ टक्क्यांनी जास्त भरलं. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. चांगलं काम न्यायालयात हरू शकतं, आणि हरल्यावरही उगवत राहू शकतं. हे माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्या झाडीत उभं राहून मुलांना जास्त पटतं.

तिथल्या सुरवंटांच्या खोलीबद्दलही सांगायला हवं. १९८९पासून इथे गावातल्या माणसांना कीटकांचे नमुने गोळा करायचं आणि ओळखायचं शिक्षण दिलं गेलं. शाळा अर्धवट सोडलेल्या स्त्री-पुरुषांनी हजारो सुरवंट पिशव्यांत वाढवले, कोणता काय खातो याची नोंद ठेवली. पदव्यांच्या मागे धावणाऱ्या आमच्या मुलांना त्या माणसांसमोर बसवणं हा माझ्या दृष्टीने अख्ख्या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा तास आहे.

तोर्तुगेरोची कासवं मुलांना सगळ्यांत जास्त आवडतात, आणि आवडावीतच. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या या गावाला रस्ता नाही. होडीने जावं लागतं. १९५०च्या दशकात आर्ची कार हे शास्त्रज्ञ इथे आले, तेव्हा अंडी घालायला वर चढलेल्या हिरव्या कासवांना माणसं वाळूवर उलटी टाकत आणि तशीच जहाजांवर चढवत. युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंतांना त्यांचं सूप लागायचं. कार यांच्या कामातून १९५९ साली समुद्री कासवांसाठीची संस्था उभी राहिली आणि १९७५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं. रात्री गडद कपड्यांत, विजेरी-फोन मागे ठेवून, परवानाधारक गाइडच्या मागे चालायचं. कासवाला शोधतो गावातलाच माणूस. ती अंडी घालायला लागेपर्यंत मुलांनी झाडीआड गप्प बसायचं. शंभराच्या वर अंडी घालते. डोळ्यांतून पाणी वाहतं, ते शरीरातलं मीठ बाहेर टाकण्यासाठी.

पण मी मुलांना पहाटेच्या पायपिटीला जास्त महत्त्व द्यायला सांगते. ट्रॅक्टरच्या चाकासारखे माग वाळूत उमटलेले असतात, ते मोजत जायचं. वर जाऊन अर्धवर्तुळात तसाच परतलेला माग म्हणजे कासव अंडी न घालता फिरलं. ते वेगळं लिहायचं. ऊन चढतं, वाळूत पाय रुततात, मोजणी चुकली की मागे जायचं. असं कंटाळवाणं काम वर्षानुवर्षं कुणीतरी केलं म्हणून आज आपल्याला या किनाऱ्याचा इतिहास माहीत आहे. ते काम करताना एखादी मुलगी कुरकुर थांबवून आपणहून आकडे पुन्हा तपासते, तेव्हा मला फार बरं वाटतं.

सगळंच सुखाचं दाखवायचं नाही, हाही माझा आग्रह असतो. याच किनारपट्टीवर मोइनला खैरो मोरा सांदोव्हाल हा २६ वर्षांचा तरुण कासवांची अंडी राखायचा. ३१ मे २०१३ला त्याचा खून झाला. मुलांना हे मी किनाऱ्यावर जाण्याआधी सांगते. मोंतेव्हेर्देच्या ढगातल्या जंगलात त्यांना सोनेरी भेकाबद्दल कळतं. जगात फक्त तिथेच असलेला तो भेक १९८९नंतर कुणाला दिसलेला नाही. वाटेवर अननसाची अखंड शेतं लागतात आणि त्यांतल्या फवारण्या. तोच अननस लेबल लावून आमच्या गावच्या दुकानात येतो.

आता कोकण. हा प्रश्न मला आवडतो, कारण तो बरोबर आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांचं काम सुरू केलं. पूर्वी तिथेही अंडी चोरीला जात, उरलेली कुत्री-कोल्हे उकरत. आज गावकरी घरटी कुंपणात राखतात आणि पिल्लं बघायला येणाऱ्यांची घरोघरी राहण्या-जेवण्याची सोय करतात. पण तिथे पिल्लं निघतात फेब्रुवारीच्या आसपासपासून एप्रिलपर्यंत, आणि अमेरिकेतल्या मुलांची मोठी सुट्टी असते जून ते ऑगस्ट. तेव्हा कोकणात पाऊस. तोर्तुगेरोला मात्र जुलैत कासवं चढत असतात. एवढंच साधं कारण आहे. तुमची मुलं महाराष्ट्रात शाळेत असतील तर त्यांना आधी वेळासलाच न्या. विमानाच्या तिकिटाचे पैसे वाचतील आणि गावकऱ्यांशी मराठीत बोलता येईल, जे आमच्या मुलांना कोस्टा रिकात दुभाषाशिवाय जमत नाही.

पाठवायचंच ठरलं, तर कार्यक्रम निवडताना डोळे उघडे ठेवा. या नावाखाली काही हजार डॉलर घेऊन मुलांना हातात स्लॉथ (झाडाला लटकून राहणारा सुस्त प्राणी) देऊन फोटो काढवणारे उपक्रम मी पाहिले आहेत. वन्यप्राण्यांसोबतच्या अशा फोटोंविरुद्ध कोस्टा रिका सरकारने २०१९ साली स्वतः मोहीम काढली. तेव्हा प्राणी हातात देणार असतील, तर तिथेच नाही म्हणा. मुलांनी केलेल्या नोंदी पुढे कुणाकडे जातात, ते विचारा. गाइड, स्वयंपाकी, होडीवाले गावातलेच आहेत का आणि त्यांना काय मिळतं, हेही विचारा. उत्तर द्यायला आयोजक अडखळला तर समजून जा.

सापांची भीती सगळ्या आयांना असते. सारापिकीच्या ला सेल्वा या जंगलातल्या संशोधन केंद्रात रबरी बूट घातल्याशिवाय मी एकाही मुलाला पायवाटेवर सोडत नाही. कोस्टा रिका स्वतः सर्पविषावरचं औषध बनवतो, आपल्याकडे मुंबईची हाफकिन संस्था बनवते तसं. गाइडला जवळचा दवाखाना ठाऊक असतो. जेवणाचं विचाराल, तर भात आणि काळा घेवडा सकाळ-संध्याकाळ मिळतो. शाकाहारी मूल उपाशी राहत नाही.

कॉलेजच्या अर्जासाठी उपयोग होतो का, हे विचारणाऱ्यांना मी नाही म्हणते. पैसे भरून केलेला प्रवास प्रवेश समितीला ओळखता येतो. खर्च झेपत नसेल तर शिष्यवृत्तीबद्दल संकोच न करता विचारा; अनेक कार्यक्रमांत ती असते आणि मागणारे कमी असतात. फॉर्म मुलीला स्वतःलाच भरू द्या. "तुला का यायचं आहे" या रकान्यात तिने चुकीच्या स्पेलिंगने दोनच ओळी लिहिल्या असतील तरी त्या सुधारू नका. आमच्याकडे निवड त्याच ओळी वाचून होते.