आमची वाटचाल: म्हापश्याच्या बाजारातून सुरू झालेलं विनेगर

आम्ही बांद्याचे, गोव्याच्या सीमेला लागूनच गाव, त्यामुळे शुक्रवारी म्हापश्याच्या बाजाराला जायचं आणि येताना माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं, विनेगर आणायचं हे घरात ठरलेलंच. सासूबाई त्यात कढीपत्ता नि मिरच्या टाकून बरणी फळीवर ठेवायच्या आणि बांगड्याला रेशाद (गोव्याकडचा लाल तिखट) मसाला वाटायला तेच घ्यायच्या. २०१८ च्या दिवाळीत मी तशाच १२ बाटल्या पाहुण्यांना दिल्या, तर जानेवारीत त्यांचेच फोन, अजून आहे का म्हणून!

पण पहिल्या पावसाने आम्हाला रडवलं. ऑर्डरी होत्या म्हणून घाई केली, तुळस नि गवती चहा धुवून नुसता फडक्याने टिपला आणि भरला, पंधरा दिवसांत ४० बाटल्या गढूळ, काहींवर बुरशी, आणि पत्र्याची झाकणं आतून गंजलेली. सगळं ओतून दिलं, त्या रात्री जेवण गेलं नाही.

तेव्हापासून पानं आदल्या रात्री फॅनखाली कागदावर पसरते आणि सकाळी कागदावर ओलीचा एक ठिपका जरी दिसला तरी कागद बदलून पुन्हा पसरते, कारण पानांबरोबर पाणी आत गेलं की विनेगरचा आंबटपणा कमी होतो, आणि टिकणं सगळं त्या आंबटपणावरच आहे. घरी करायचं तर अर्धा लिटरला मूठभर पानं घ्या, विनेगर वाफ येईपर्यंतच तापवा, उकळू नका, काचेच्या बाटलीत पानांवर ओता, झाकण प्लास्टिकचं, तीन आठवडे अंधाऱ्या कपाटात, मग गाळून घ्या. कांद्याच्या चकत्यांवर गवती चहाचं एक चमचा घालून बघाच.

लसणीच्या बाटलीवरून मात्र अजून फोन येतात, ताई लसूण हिरवी-निळी झाली, खराब झाली का? नाही हो, लसणीतल्या गंधकाच्या घटकांवर आंबटाची क्रिया होऊन तसा रंग येतो, खायला चालते. आता लेबलवरच छापलंय.

एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन घेतल्यावर कळलं की आंबवून केलेल्या विनेगरात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड किमान ३.७५ टक्के लागतं, म्हणून आता आणलेल्या विनेगरचा प्रत्येक कॅन लॅबमध्ये तपासून मगच भरतो, कमी निघाला तर परत. वजन उतरतं, शुगर जाते असलं लेबलवर लिहा म्हणणारे दुकानदार भेटले, त्यांना माल दिला नाही. आणि जून ते सप्टेंबर तुळशीचं बंद ठेवतो, कितीही मागणी असली तरी, तेव्हा फक्त लसूण नि मिरची.