आयर्नब्रिज : पूल आधी खालून बघा

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातलं आयर्नब्रिज हे गाव तिथल्या लोखंडी पुलामुळे वसलं आणि पुलाचंच नाव त्याला मिळालं. बहुतेक लोक पुलावर फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही आधी खाली सेव्हर्न नदीच्या काठी उतरा.

सुमारे 30 मीटरची ही एकच कमान 1779 मध्ये उभी राहिली. 1 जानेवारी 1781 ला पूल खुला झाला. नदीत मालाच्या होड्यांची वर्दळ, म्हणून मधे खांब नको होता. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) एवढा मोठा पूल त्याआधी कोणी बांधलेलाच नव्हता, मग जोड कसे द्यायचे? कारागिरांनी सरळ सुतारकाम लोखंडात उतरवलं : एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या खाचेत, कुठे डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारखा पसरट जोड), कुठे पाचर. खालून हे सगळं स्वच्छ दिसतं. 1795 च्या महापुरात सेव्हर्नवरच्या कितीतरी पुलांची दैना झाली, हा टिकला. मात्र नदीच्या घळीचे दोन्ही काठ आत सरकत असल्याने 1970 च्या दशकात नदीच्या तळाशी काँक्रीटचा टेकू घालावा लागला. तो बांधणारा लोखंडाचा कारखानदार, तिसरा अब्राहम डार्बी, या पुलापायी कर्जात बुडाला.

वर टोलघरावरचा दरफलक जरूर वाचा. पूल खाजगी, त्यामुळे सैनिक असो की राजघराणं, टोल भरायचाच! (आपल्याकडच्या व्हीआयपी ताफ्यांना दाखवावा असा.) 1934 पासून वाहनं बंद आहेत, पायी जायला आता पैसे पडत नाहीत.

वेळ कमी असेल तर इथल्या संग्रहालयांपैकी जवळच्या कोलब्रुकडेलची जुनी भट्टी निवडा. पहिल्या अब्राहम डार्बीने, म्हणजे तिसऱ्याच्या आजोबांनी, 1709 मध्ये इथेच लोणारी कोळशाऐवजी कोक (भाजून शुद्ध केलेला दगडी कोळसा) वापरून लोखंड गाळलं. जळकं दगडी बांधकाम, पण पुलाचं मूळ तेच. ब्लिस्ट्स हिल हे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्यासारखं मुद्दाम उभारलेलं गाव मुलांना आवडेल; मला जरा नाटकी वाटलं.

गावात रेल्वे स्टेशन नाही. बर्मिंगहॅमहून टेलफर्ड सेंट्रलला उतरून बस घ्या, परतीची शेवटची बस आधीच बघून ठेवा, रविवारी तर नक्कीच. संग्रहालयं घळीत विखुरलेली आहेत, चढही दमवतात. बूट चांगले हवेत. हिवाळ्यात निघण्याआधी सेव्हर्नच्या पुराचा इशारा तपासा, कारण नदीलगतचा वार्फेज रस्ता पाण्याखाली जातो.