यंदा साड्या घेतल्या नाहीत, ब्लाउज शिवले

मी नाशिकला मराठी माध्यमाच्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. दिवसभर उभं राहायचं, फळ्यावर उंच लिहायचं, बाकांमधून वाकून वह्या बघायच्या, प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा पेटवायचा. हे सगळं ज्या कपड्यांत करायचं त्यांच्याकडे आपण बायका लग्नाच्या साडीच्या निम्म्यानेही लक्ष देत नाही. वर्गातली मुलं मात्र रोज आपल्याकडेच बघत असतात. म्हणून यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मी शाळेत घालायच्या कपड्यांचं कपाट मनावर घेतलं.

चौकट ठरलेली होतीच. शिक्षण विभागाने १५ मार्च २०२४ ला शासन निर्णय काढला. त्यात शिक्षिकांसाठी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा सांगितला आहे, जीन्स-टीशर्ट नको, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी किंवा प्रिंट नको. माझ्या मते एवढ्यात भरपूर काही करता येतं, फक्त आहे ते नीट अंगावर बसलं पाहिजे.

सगळ्या साड्या पलंगावर काढल्या आणि प्रत्येक ब्लाउज घालून आरशासमोर फळ्यावर लिहिल्यासारखा हात वर केला. साड्या बहुतेक चांगल्या होत्या, रंगही टिकलेले होते. अडचण ब्लाउजची होती. हात वर गेला की ब्लाउज चढायचा, मग दुसऱ्या हाताने पदर ओढायचा, हे दर तासाला चालायचं. जे ब्लाउज चढले ते बाजूला काढले आणि त्या साड्यांची यादी केली.

शिवायला मी पंचवटीतल्या एका ताईंकडे जाते. मुंढा म्हणजे काखेपाशी बाही जोडायची गोलाई. त्यांना म्हटलं, "मुंढा जरा सैल ठेवा, हात मोकळा राहील." त्या म्हणाल्या, "मॅडम, उलट होईल बघा." जुना ब्लाउज माझ्या अंगावर घालूनच त्यांनी दाखवलं. मुंढा खाली उतरलेला असेल तर हात उचलताना बाही अख्खा ब्लाउज सोबत वर खेचते. मुंढा काखेजवळ, बेताचा हवा आणि सैलपणा बाहीच्या घेरात द्यायचा. मग टेप लावून त्यांनी मला हात उचलायला लावला, मागून कंबरेपाशी बोट ठेवलं आणि उंची चौदाची पंधरा इंच केली. बाही कोपरापर्यंत, कारण मनगटापर्यंतची बाही खडूने भरते. गळा पाठीमागे बेताचा. दोन्ही बाजूंना इंचभर माया (शिलाईच्या आत जादा कापड) सोडायला सांगितली, म्हणजे अंग थोडं भरलं तरी ब्लाउज टाकायला नको. अस्तर आदल्या रात्री पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून दिलं. हे चुकवू नका. अस्तर नंतर आटलं की वरचं कापड चुण्या धरतं आणि मग काही करता येत नाही.

कापड मेन रोडच्या मॅचिंग सेंटरमधून घेतलं, टू बाय टू म्हणतात ते साधं ब्लाउजचं कापड. साड्या पिशवीत घालून सोबत नेल्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच रंग जुळल्यासारखे वाटतात, म्हणून ठाण घेऊन दारापाशी उजेडात यायचं. दुकानदार कुरकुरत नाहीत, त्यांना सवय असते. मी रंग साडीच्या अंगाचा बघितला नाही, काठाचा बघितला. बिस्किटी, विटकरी आणि मोरपंखी एवढ्या तीन ब्लाउजवर माझ्या रोजच्या बहुतेक सुती साड्या निघतात. काळा आणि गडद निळा मुद्दाम टाळला, खडूची भुकटी त्यावर पहिल्याच तासाला दिसते.

या सगळ्यात मला सर्वांत आनंद इरकलीचा झाला. सासूबाईंची एक नऊवारी इरकल पेटीत घडी होऊन पडली होती, पदर शाबूत, रंग जांभळट. मी विचारलं तर म्हणाल्या, "काप गं बाई, पेटीत ठेवून कुणाला उपयोग?" नऊवारी म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर. पदराच्या टोकाकडून साडेपाच मीटर मोजून बाकीचं कापलं, की सहावारी साडी तयार आणि वर पावणेतीन मीटरच्या आसपास कापड उरतं. त्यात ताईंनी सरळ कुर्ता शिवला. एका बाजूला खोल खिसा लावून घेतला, खडू, किल्ल्या आणि मोबाइल त्यात राहतो. कुर्त्याच्या खालच्या घेराला साडीचाच काठ आला आहे. पहिल्यांदा घातला तेव्हा सासूबाईंनी काठ बोटांत धरून नीट बघितला आणि "बरं झालं" एवढंच म्हणाल्या.

नेसण्यात फार बदल केला नाही. पदराच्या बारीक निऱ्या करून खांद्याला पिन लावते आणि टोक कमरेला खोचते. दिव्याजवळ काम असेल त्या दिवशी सुतीच नेसते. सिंथेटिक कापड पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं, हे मी मुलांना शिकवते, तर आधी मला पाळायला हवं. ओढणीचंही तसंच, दोन्ही खांद्यांना पिन. पर्यवेक्षणाच्या दिवशी काचेच्या बांगड्या घरी ठेवते, त्यांच्या आवाजाने मुलांचं लक्ष जातं. कानात छोटे खडे, हातात घड्याळ, पुरे होतं.

पावसाळ्यात सुती साडीच्या निऱ्या चिखलाने खराब होतात, तेव्हा कुर्ता बरा. थंडीत सकाळच्या शाळेला नाशिकचा गारठा सोसत नाही, त्यासाठी पुढून बटणांचा बिस्किटी स्वेटर घेतला. ऊन चढलं की वर्गातच काढता येतो, केस विस्कटत नाहीत.

येवला इतक्या जवळ आहे म्हणून दुसऱ्या शिक्षिका विचारतात, पैठणी का नाही? पैठणी मला जिवापाड आवडते, पण ती गॅदरिंगला आणि १५ ऑगस्टला. रोजच्या खडूत तिला उतरवायचं माझं मन होत नाही.

चपलांचं अजून जमलेलं नाही. टाचेला पट्टा, मऊ तळवा आणि साडीखाली बरी दिसेल अशी मिळेना. कॉलेज रोडला दोन-तीन दुकानं बघून झाली, आता दिवाळीच्या सुट्टीत शालिमारला बघते.