तुम्ही विचारलंत म्हणून: बाजूचा फोटो कशासाठी?

गोव्यातल्या आग्वादच्या जुन्या तुरुंगाचं आता संग्रहालय झालंय. ते पाहून आलेली मंडळी हमखास विचारतात, पोलीस आरोपीचा एक फोटो समोरून आणि एक बाजूने का काढतात?

मुख्यतः कानासाठी. समोरून चेहरा दाढी वाढवून, गाल फुगवून बदलता येतो. कानाची घडण मोठेपणी फारशी बदलत नाही.

ही जोडी रूढ केली पॅरिस पोलिसांतल्या आल्फाँस बेर्तियाँने. फोटो आधीही ढिगाने निघत. पण पकडलेल्याने खोटं नाव सांगितलं, की ढिगातून त्याचा फोटो शोधायचा कसा? म्हणून १८८२ च्या अखेरीस त्याने मापं घ्यायला सुरुवात केली. उंची, डोक्याची लांबी-रुंदी, उजवा कान, डावं पाऊल, डाव्या हाताचं मधलं बोट अशी एकूण ११. हातपाय डावे, कारण उजवा कामाने बदलतो. कोयता चालवणाऱ्या पाडेल्याचा, म्हणजे नारळ पाडणाऱ्याचा, उजवा पंजा पाहा, कळेल.

डोकं मोजताना कंपासचं एक टोक नाकाच्या मुळाशी धरायचं, दुसरं डोक्यामागे मधोमध वर-खाली फिरवायचं. सर्वांत मोठा आकडा येईल तिथे स्क्रू आवळायचा आणि पुन्हा लावून खात्री करायची. मग लांबी लहान, मध्यम की मोठी, त्यावर त्या माणसाच्या कार्डाचा कपाटातला खण ठरे. त्यात रुंदीचे तीन भाग, पुढे बोटाचे तीन. मापं म्हणजे कार्डाचा पत्ताच! बेर्तियाँचं मोठेपण मला कॅमेऱ्यापेक्षा या कपाटात दिसतं.

मापांचं हे तंत्र फसलं ते मोजणाऱ्यांच्या हातांमुळे. एकाने कंपास दाबून धरला, दुसऱ्याने सैल, की दोन मिलिमीटर इकडेतिकडे आणि कार्ड भलत्याच खणात. वाढत्या पोरांची मापं तर टिकतच नाहीत. बंगाल पोलिसांनाही हाच अनुभव आला. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं. तिथलं वर्गीकरण बंगाल पोलिसांचा तेव्हाचा प्रमुख एडवर्ड हेन्री याच्या नावाने चालतं, पण त्यामागची मेहनत त्याच्या हाताखालच्या अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची, हे आवर्जून सांगायला हवं. दहा बोटांच्या पाच जोड्या, प्रत्येक जोडीत चक्र आहे की नाही याच्या चार शक्यता, म्हणून १,०२४ कप्पे.

मापं मागे पडली, फोटो मात्र राहिला. बेर्तियाँची खुर्ची जागची हलत नसे, कॅमेऱ्याचं अंतर ठरलेलं, चेहरा मूळ आकाराच्या सातव्या हिश्शाचा, बाजू उजवी, कान उघडा. रिटचिंगला सक्त मनाई. म्हापशाच्या स्टुडिओत आपण जो डाग पुसून घेतो, नेमका तोच त्याला हवा असे.