परदेशातील कोठडी आणि आपल्या सरकारचे उत्तरदायित्व : माझा अनुभव

आखातातील एका देशात वीजतंत्री असलेल्या माझ्या भाच्याला मालकाच्या तक्रारीवरून अटक झाली, ही बातमी नागपूरच्या इतवारीत राहणाऱ्या माझ्या ताईला त्याच्या खोलीतील सोबत्याकडून कळली. आरोपपत्र अरबी भाषेत होते, दुभाषी दिलेला नव्हता आणि सही घेतलेल्या कागदावर काय लिहिले आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर मी तक्रार नोंदवली. प्रकरण स्थानिक अधिकाऱ्यांसमोर मांडले आहे, असे दूतावासाचे उत्तर आले आणि पुढेही तेच येत राहिले. कोणी, कोणासमोर, कधी मांडले, याचा त्यात उल्लेख नसे.

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करणाऱ्या एका परिचित बाईंनी मला वाणिज्य दूतसंबंधांवरील १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३६ समजावून सांगितले. अटकेतील परदेशी नागरिकाला त्याचे हक्क विनाविलंब सांगणे, त्याने मागणी केल्यास त्याच्या दूतावासाला कळवणे आणि दूतावासाच्या अधिकाऱ्याला त्याची भेट घेऊ देणे, हे अटक करणाऱ्या देशाचे कर्तव्य आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात पाकिस्तानने याच कलमाचा भंग केल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला. मात्र त्यासाठी आपल्या सरकारला तिथवर जावे लागले होते. सरकारने भेट मागितलीच नाही, तर सामान्य कुटुंबाने कोणाला जाब विचारायचा? बाईंचे म्हणणे स्पष्ट होते : आता विनवण्या थांबवा आणि तारखा मागा.

म्हणून माहितीच्या अधिकाराखाली ताईच्या नावाने अर्ज केला. भेटीची परवानगी कोणत्या तारखेला मागितली, त्यावर काय उत्तर आले, सुनावणीला कोणी हजर होते काय, भारतीय समुदाय कल्याण निधीतून (परदेशात अडचणीत आलेल्या भारतीयांसाठीचा सरकारी निधी) वकील देण्याबाबत काय ठरले, एवढेच विचारले. व्यक्तीच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास कलम ७(१) नुसार ४८ तासांत माहिती द्यावी लागते, हे अर्जाच्या वरच ठळक लिहिले. तरीही ही त्रयस्थ व्यक्तीची खासगी माहिती आहे, असे कारण देऊन अर्ज फेटाळला गेला. जन्मदात्या आईला त्रयस्थाचे कारण सांगितले जावे, याचा मला आजही संताप येतो. जन्मदाखला आणि पारपत्राची प्रत जोडून प्रथम अपील केले, तेव्हा माहिती मिळाली. भेटीची मागणी आमच्या अर्जानंतर पाठवली गेली होती, हे त्यातील तारखांवरूनच दिसले. त्याआधीच्या उत्तरांना काय अर्थ होता, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

भेट झाली, वकीलही मिळाला. अटकेची माहिती आल्यापासून कोणते पाऊल केव्हा उचलले, हे सरकारने न मागता कुटुंबाला लेखी कळवावे, अशी मागणी आम्ही खासदारांकडे केली आहे. भाच्याला इकडच्या तुरुंगात आणा, असे अनेक जण सुचवतात. परंतु कैदी हस्तांतरणाचा २००३ चा कायदा शिक्षा झाल्यानंतरच लागू होतो, आणि भाच्याचा खटला अजून चालू आहे. सध्या आमचा पाठपुरावा आरोपपत्राच्या भाषांतरासाठी आणि प्रत्येक सुनावणीला दूतावासाचा प्रतिनिधी हजर राहावा यासाठी आहे.